हसरा चेहरा झिजतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. पाढ्यांचे आणि बाराखडीचे तक्ते तुम्ही पाहिले असतील. मी दुखण्याचा तक्ता आहे. पाटीएवढी प्लायवूडची फळी, टांगायला दोरी, आणि अंगावर एका ओळीत सहा गोल चेहरे. पहिला चेहरा खदखदून हसतो. दुसरा नुसता बरा असतो. पुढे एकेकाचं तोंड वाकडं होत जातं आणि सहाव्याच्या डोळ्यांतून टपोरे अश्रू गळतात. लहान मुलांना ऑपरेशननंतर ठेवतात त्या वॉर्डात माझं आयुष्य गेलं. किती दुखतंय असं विचारलं तर एवढंसं मूल काय सांगणार? म्हणून मला त्याच्यापुढे धरायचं आणि म्हणायचं, "यातला तुझा चेहरा कुठला?" मूल बोट ठेवतं आणि त्या बोटावरून औषध ठरतं. इतकं साधं काम आहे. पण साधं काम माणसांच्या हाती दिलं की ती त्याचं काय करून ठेवतील याचा नेम नसतो.

मला रंगवलं ते दुकानांच्या पाट्या लिहिणाऱ्या एका पेंटरने. पावडरच्या डब्यावरची हसरी बाळं रंगवून त्याचा हात बसलेला होता, त्यामुळे पाच चेहरे त्याने चहा गार व्हायच्या आत उरकले. सहावा काही केल्या जमेना.

"रडकं तोंड मागायला गिऱ्हाईक येतं का कधी?" तो बायकोवर करवादला.

शेवटी त्याने आपल्या धाकट्या पोराचा भोवरा लपवून ठेवला. पोराने घर डोक्यावर घेतलं. पेंटर समोर मांडी घालून बसला, ब्रश रंगात बुडवला आणि ओठांचा बाक, नाकाची लाली, डोळ्यांचं पाणी असं सगळं सावकाश टिपून घेतलं. चित्र पुरं होईपर्यंत भोवरा काही दिला नाही. तेव्हा माझ्या अंगावर जे जगातलं सगळ्यांत मोठं दुखणं आहे, ते एका भोवऱ्याचं आहे. पोर रडतंय आणि मोठं माणूस शांतपणे आपलं काम करतंय, हे दृश्य मी जन्मतःच पाहिलं. पुढेही तेच पाहायचं होतं.

वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. त्या दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही पुढचं ऐकून त्यांना सरळ मोडीत काढाल. मुलांची नावं, त्यांच्या बाहुल्यांची नावं, कोण कुठल्या कुशीवर झोपतं, सगळं त्यांना पाठ असे. फक्त एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता: आपल्या वॉर्डात रडारड नाही. दुसऱ्या वॉर्डाच्या सिस्टर आल्या की म्हणायच्या, "अहो, इथे मुलं आहेत की फोटो?" आणि मोठ्या सिस्टरच्या गालांवर खळ्या पडायच्या.

ही शांतता कशी आली ते ऐका. त्या काळी जे मूल पाचव्या किंवा सहाव्या चेहऱ्यावर बोट ठेवी, त्याला मांडीत इंजेक्शन मिळे. औषध दुखणं थांबवण्याचंच, पण देण्याची तऱ्हा अशी की आधी आणखी एकदा बोंब मारायची. उलट जे मूल पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवी, त्याला शूर टोपी मिळे. सोनेरी चमकीच्या कागदाची ती टोपी मोठ्या सिस्टर जेवणाच्या सुट्टीत स्वतः बनवायच्या. टोपी घातली की आई-बाप मोबाईल काढून फोटो घ्यायचे, शेजारच्या खाटांवरून टाळ्या पडायच्या. आता मुलं काही दुधखुळी नसतात. एकीकडे सुई, दुसरीकडे सोनेरी टोपी. दुपारी आलेलं मूल दिवेलागणीपर्यंत शिकून तयार होई.

सगळी बोटं पहिल्या चेहऱ्यावर. अपेंडिक्स काढलेली, हात मोडलेली, पोट शिवलेली, सगळी. बोटं लागून लागून माझ्या हसऱ्या चेहऱ्याचा रंग उडाला. पेंटरला बोलावून तो पुन्हा रंगवून घेतला. तोही उडाला. सहावा चेहरा मात्र पेंटरच्या घरातून निघाला तसाच लखलखीत राहिला.

लाकडाला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. लाकडाला बोट कळतं. ज्याला दुखत नाही ते मूल बोट नुसतं टेकवतं, कधी नखाने चेहऱ्याच्या नाकावर टिचकी मारतं. ज्याला दुखतंय ते बोट दाबून धरतं. चेहरा तोच, उत्तर तेच, पण ते बोट मला रुततं. आणि मी काय करणार? मला सहा तोंडं दिली आहेत, त्यातलं एकही बोलत नाही.

मग वॉर्डात एक नव्या भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. मुलं त्यांना झोपेच्या डॉक्टर म्हणायची. बाई बुटक्या, चालणं भरभर, खिशात नेहमी कापसाचा बोळा. त्यांनी आल्या आल्या ती मांडीतली सुई बंद करवली. त्यांची रीत वेगळी होती. ऑपरेशनपुरतं मुलाला पूर्ण झोपवायचं, पण नंतर मूल जागं झालं तरी दुखरा भाग तेवढा झोपलेलाच ठेवायचा. हात असेल तर हात, पाय असेल तर पाय. माझ्या हयातीत पहिल्यांदा मुलं हसऱ्या चेहऱ्यावर बोट नुसतं टेकवू लागली. एका पोराने तर पायाला प्लास्टर असताना माझ्या सहाही चेहऱ्यांना पेनाने मिशा काढल्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

टोप्या मात्र चालूच राहिल्या. सुई गेल्यावर टोपीने कुणाचं काय बिघडणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

अशात भिंगरी आली. सात वर्षांची, दोन्ही पावलं जन्मापासून आत वळलेली, तरी एका जागी ठरायची नाही म्हणून घरच्यांनी भिंगरी म्हटलेलं. आई नव्हती. बाबांचं केस कापायचं सलून होतं आणि जिभेला त्यांच्या कात्रीइतकीच धार होती. आधी उजवं पाऊल सरळ करायचं, काही महिन्यांनी डावं, असं ठरलं होतं. हाड कापून बसवायचं म्हणजे दुखणारच. झोपेच्या डॉक्टर आदल्या दिवशी मला घेऊन तिच्या खाटेवर बसल्या.

"हे बघ, इथे गुडघ्याच्या मागे मी केसासारखी बारीक नळी ठेवणार. पायाकडून डोक्याकडे दुखण्याचे निरोप नेणारी एक नस असते. तिच्याजवळ या डबीतून थेंब थेंब औषध जात राहील. निरोप पोचलाच नाही, तर दुखेल कसं?"

"टपाल बंद म्हणा की," बाबा म्हणाले.

"तसंच. पण भिंगरी, नळी हलली, काही झालं, तर पाय जागा होईल. मग याच्यावर खरा चेहरा दाखवायचा. तिसरा असो, सहावा असो. सुई टोचणार नाही. ही परीक्षा नाहीये."

भिंगरीने मान डोलावली. बाबांनी तिच्या केसांतून हात फिरवला. "काळजी नको, डॉक्टर. सलूनवाल्याची पोर आहे. वस्तऱ्याखाली हलायचं नाही हे तिला पाळण्यापासून शिकवलंय."

आपण पोरीचं कौतुक करतोय असंच त्यांना वाटत होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. दुपारी भिंगरी जागी झाली तेव्हा पाय गाढ झोपलेला होता. तिने माझ्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवलं, हलकं, खरं. मोठ्या सिस्टरनी टोपी घातली. बाबांनी फोटो काढून सलूनमधल्या पोऱ्यापासून गावभर पाठवला. संध्याकाळपर्यंत ती टोपी घालून राणीसारखी सगळ्या खाटांना हुकूम सोडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी बदलल्या. आयामावशींनी भिंगरीला एका कुशीवर वळवलं, चादर ओढली, आणि त्या ओढाताणीत गुडघ्यामागची नळी आपल्या जोडातून निसटली. कुणाला दिसलं नाही. पाय झोपलेला, त्यामुळे भिंगरीलाही कळलं नाही. डबी आपली इमानेइतबारे थेंब थेंब औषध सोडत राहिली, पण ते आता नसेजवळ न जाता गादीत जिरत होतं. नळी तुंबली असती तर डबीने ओरडून वॉर्ड जागा केला असता. नळी निसटली की ओरडायचं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुपारच्या जेवणाआधी आयामावशींचा हात चादरीला लागला.

"अगंबाई, गादी ओली केलीस? एवढी मोठी घोडी झालीस, भांडं मागायला तोंड नाही होय?"

शेजारच्या खाटेवर टॉन्सिल काढलेली एक मुलगी होती. ती घसा धरून हसली. तिची आई हसली. मग हसू खाटेखाटेवरून पुढे गेलं. भिंगरीने चादर ओढून घेतली.

"मी नाही केली," ती म्हणाली.

बाबा ओशाळले. "अहो, कमरेखाली बधिर केलंय ना तिला, पोरीला कळलं नसेल."

"फक्त पाय बधिर केलाय, बाबा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "बाकी सगळं जागं आहे. हिला सगळं कळतं."

आणि यात गंमत अशी की त्यांचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. एवढं बरोबर कळूनही त्यांनी चादर उचलून ओल कुठे आहे ते पाहिलं नाही. ओल गुडघ्याखाली होती. पण गादी ओली म्हटली की मूल दोषी, हा हिशेब तिथे सगळ्यांचा ठरलेला होता.

मोठ्या सिस्टरनी टोपी काढली. रागाने नाही हो, अगदी लाडाने. "शूर मुली गादी ओली करतात का? संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखं वागलीस की परत देईन हं." तोवर टोपी रिकामी कशाला राहायची, म्हणून ती टॉन्सिलवालीच्या डोक्यावर गेली. गादीवर रबरी कापड अंथरलं. बाबांनी पोरीकडे पाहिलं नाही. "लाज आणलीस," एवढंच म्हणाले, तेही हळूच, पण तिच्या कानाशी.

भिंगरीला स्वतःचाच भरवसा वाटेना. पाय तिचा असून तिला कळत नव्हता, तेव्हा गादीही आपणच ओली केली असेल, असं तिला वाटू लागलं. मग पाय जागा होऊ लागला. आधी मुंग्या आल्या, मग चटके बसू लागले. हाड कापलेला पाय जागा होतो तेव्हा काय होतं ते मी सांगत नाही, माझ्या सहाव्या चेहऱ्यालाही ते येत नाही.

मोठ्या सिस्टर मला घेऊन आल्या. "सांग बरं, राणी. कुठला चेहरा?"

भिंगरीने आधी टॉन्सिलवालीच्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं. मग बाबांकडे. आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट दाबलं. बोट थंडगार होतं, घामाने ओलं होतं, आणि असं रुतलं की मला वाटलं फळीला भोक पडेल.

"शाबास," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

मित्रांनो, मी वर्षानुवर्षं गप्प राहिलो आहे, पण त्या शाबासकीइतका राग मला कधीच आला नाही. कपाळावर घाम, ओठ दातांखाली, मुठीत चादर, सगळं समोर होतं. पण बोट पहिल्या चेहऱ्यावर होतं ना? मग बाकीच्या पोरीकडे बघायचं कशाला! थोड्या वेळाने झोपेच्या डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीतून धावत दारापर्यंत आल्या. पुढचं मूल टेबलावर घ्यायचं होतं, थांबायला वेळ नव्हता. त्यांनी दारातूनच भुवया उंचावल्या, मोठ्या सिस्टरनी एक बोट वर केलं: पहिला चेहरा. डॉक्टर हसल्या आणि परत पळाल्या. चांगल्या माणसाचं फसणंही मी असं पाहिलं.

रबरी कापडावर पुन्हा ओल दिसली. आता ती जिरत नव्हती, थारोळं झालं होतं.

"पाणी जरा बेतानं द्या," मोठ्या सिस्टर बाबांना म्हणाल्या.

बाबांनी पाणी बेतानं नाही, पुरतंच बंद केलं. पाण्याचं भांडं उचलून खिडकीत ठेवलं, पोरीला दिसेल असं. तिने एकदा मागितलं. बाबा म्हणाले, "आधी कोरडी राहून दाखव." त्यानंतर तिने मागितलं नाही. मला पुढे धरलं की ती बोट दाबायची, मला नेलं की उशीत तोंड खुपसायची. वॉर्ड नेहमीसारखा शांत होता. दुसऱ्या वॉर्डाच्या सिस्टर डोकावून कौतुक करून गेल्या.

ऊन उतरल्यावर झोपेच्या डॉक्टर मोकळ्या झाल्या आणि थेट भिंगरीकडे आल्या. मी खाटेच्या दांडीला टांगलेला होतो.

"कशी आहेस? कुठला चेहरा?"

पहिला. डॉक्टर खूश झाल्या, वळल्याही. मग सवयीने खिशातला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी प्लास्टरबाहेर दिसणाऱ्या अंगठ्याला लावला. झोपलेल्या पायाला गार लागत नाही. भिंगरीने श्वास आत ओढला.

"गार लागलं?"

डॉक्टरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या दिवसभरात तिच्या तोंडाकडे नीट बघणारं ते पहिलं माणूस. मग त्यांनी चादर बाजूला केली, गुडघ्यामागे हात घातला आणि निसटलेलं टोक बाहेर काढलं. टोकावर थेंब जमला, पडला. परत जमला.

"ही लघवी नाही," त्या म्हणाल्या. "हे माझं औषध आहे. सकाळपासून गादी पितेय ते."

आयामावशींनी पदराने उगाच खाटेची दांडी पुसली.

"हिचे ओठ असे का फुटलेत?"

"पाणी मीच बंद केलं," बाबा म्हणाले. ते उठले, खिडकीतलं भांडं आणलं, आणि त्यांचा हात, जो वस्तरा धरून कधी हलला नव्हता, तो इतका हलत होता की अर्धं पाणी पोरीच्या गळ्यावर सांडलं. भिंगरी घाबरली. तिने पटकन चादरीने ते पुसून काढलं. गादी ओली होऊ नये म्हणून.

डॉक्टरांनी तिला लगेच आत नेलं, शिरेतून औषध देऊन शांत केलं, नवी नळी बसवली. परत आली तेव्हा पाय झोपलेला होता, चेहऱ्यावर रंग होता. डॉक्टर तिच्या उशाशी वाकल्या.

"गादी तू ओली केली नव्हतीस. कळलं? तुझी काही चूक नव्हती."

भिंगरीने जरा विचार केला. "मग टोपी?"

टॉन्सिलवाली ती टोपी घालूनच घरी गेली होती. मोठ्या सिस्टर वळून औषधाच्या कपाटाकडे गेल्या आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. नंतर चमकीचा कागद वॉर्डात कधी दिसला नाही. दुखतंय म्हटलं म्हणून कुणाचं काही काढून घेतलं गेलं नाही, आणि न दुखण्याबद्दल कुणाला काही मिळालं नाही. मोठ्या सिस्टर मला पुढे धरण्याआधी चादर उचलून पाहू लागल्या. वॉर्डात रडणं ऐकू येऊ लागलं, आणि दुसऱ्या वॉर्डाच्या सिस्टर कौतुक करायला यायच्या थांबल्या.

तुम्हाला वाटेल, झालं, गोष्ट गोड झाली. मलाही तेच हवं होतं.

काही महिन्यांनी भिंगरी डाव्या पावलासाठी आली. उजवं पाऊल सरळ पडत होतं. ऑपरेशन नीट झालं, नळी जागच्या जागी राहिली, दोन रात्री पाय गाढ झोपला. मग नळी काढायची वेळ आली. औषध उतरायला लागलं की थोडं दुखणार, त्याला गोळ्या तयार होत्या, फक्त कधी द्यायच्या ते तिने सांगायचं होतं. डॉक्टर मला घेऊन बसल्या. बाबा समोर होते, हात जोडून.

"खरं सांग गं, बाळा," ते म्हणाले. "सहावा असला तरी चालेल. मी रागावणार नाही."

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं, मोठ्या सिस्टरकडे पाहिलं, पूर्वी टोप्या टांगायच्या त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग बोट हसऱ्या चेहऱ्यावर आलं आणि मला रुतलं.

"हा," ती म्हणाली. आणि सगळ्यांच्या तोंडांकडे बघत हळूच विचारलं, "बरोबर आहे ना?"

डॉक्टरांनी बोटावर विश्वास ठेवला नाही. कापसाचा बोळा लावला, घाम पाहिला, मुठीतली चादर पाहिली, आणि औषध दिलं. थोड्या वेळाने तिची मूठ सुटली. पण औषध पोचेपर्यंत तिने बोट काही पहिल्या चेहऱ्यावरून उचललं नाही. बाबा खुर्चीत बसून होते, आणि आपल्या पोरीला हलायचं नाही असं शिकवणारा तो माणूस तिने एकदा तरी हलावं म्हणून तिच्याकडे बघत होता.

आता मी सामानाच्या खोलीत असतो. वॉर्डात नवा, गुळगुळीत तक्ता आला आहे. माझा पहिला चेहरा पुरता पुसला गेलाय, तिथे आता नुसतं लाकूड आहे. मित्रांनो, तुम्हाला कधी माझ्यासारख्यासमोर बसवलं तर दुखतंय तिथेच बोट ठेवा. त्याला बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही, आणि कुणी तसं काही ठेवलं असेल तर ते माणूस चुकलंय, तुम्ही नाही. आणि जे मोठे हे वाचून दाखवत असतील त्यांनी बोट पाहून झालं की त्या मुलाचं तोंडही पाहावं, आणि चादरीखालीही पाहावं. माझ्या सहाव्या चेहऱ्याचा रंग अजून कालचा वाटतो. एवढ्या वर्षांत त्याला हात लावणारी बोटं मोजकीच. माझी विनंती एवढीच आहे की तुमच्यापैकी कुणाला खरंच तेवढं दुखत असेल, तर नव्या तक्त्यावरच्या त्या चेहऱ्याला हात लावा.